सात नंबरची मशीन आणि रुक्माबाईचा पाटा

खेमसिंग,

आपली सात नंबर गेल्या आठवड्यात पुण्याला पोचली, आणि मोडून पोचली. माझ्या मुलाला ती दिवाणखान्यात ठेवायची होती. टाइप करायला नव्हे. त्याला जुना टाइपरायटर म्हणजे पितळी समईसारखा वाटतो, घरात असला की घराला घराणं असल्यासारखं दिसतं. कुरियरवाले दोघे इथे नागपूरला घरी आले. फुगे असलेल्या प्लॅस्टिकचे दोन वेढे मशीनला दिले, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली आणि खोक्याच्या चारी बाजूंना काचेच्या पेल्याचं चित्र चिकटवलं. मी म्हटलं, अरे, वरची सरकती कॅरेज बांधा आधी. ते म्हणाले, आजी, चित्र लावलंय ना. मी म्हटलं, चित्र बघून सामान फेकायचा थांबला असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यावर ते जे हसले ते हसू मी ओळखलं. एकोणीसशे अठ्ठावन्न साली यवतमाळच्या स्टेशनावर तुझ्याकडे बघून आम्ही सगळे असेच हसलो होतो.

मुलाचा फोन आला, आई, अगं ती वाकली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. म्हणून हे पत्र.

तू आहेस की नाहीस, हे मी कुणाला विचारलेलं नाही. न विचारण्यात आम्ही पहिल्यापासून हुशार. आणि लिहायला बसले तेव्हा साठ वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं की तू माझ्याहून वयाने मोठा, तरी मी तुला ‘अरे खेमसिंग’ म्हणायची आणि तू मला ‘बाई, तुम्ही’ म्हणायचास. तेव्हा कुणालाच ते खटकलं नाही, तुलाही नाही. आता एकदम ‘आपण’ म्हणायला लागले तर तुला वाटेल बाईंचं डोकं फिरलं. राहू दे.

तुझी ओळख तुलाच करून द्यावी लागणार, कारण हे पत्र तुझ्याआधी दुसरेच लोक वाचतील.

तू बोरी अरबजवळच्या तांड्यातला. तुझ्या आजाजवळ साठ बैल होते, आणि त्यांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून तो मुलुखभर फिरायचा. ही लदेणीची गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की त्यातल्या पाच-सहा बैलांची नावं मला अजून येतात. माझ्या सख्ख्या आजोबांच्या भावांची येत नाहीत. रेल्वे आली, लदेणी बसली, बैल विकले गेले, तुझा बाप कापसाची पऱ्हाटी पेरायला लागला. पण तुझ्या डोक्यातून ते बैल काही उतरले नाहीत. निवडणुकीची गोष्ट निघो, नाहीतर माझ्या लग्नाची, तिसऱ्या वाक्याला तू आजाच्या बैलांवर यायचास. तुझ्या आजाने केलं नसेल असं जगात काही नव्हतं, एक टायपिंग सोडून.

सातवी पास झालास, यवतमाळला आलास आणि सदाशिवरावांच्या टायपिंग क्लासमध्ये शिपाई म्हणून लागलास. सदाशिवराव म्हणजे एक हात घड्याळावर आणि दुसरा कोटाच्या खिशात, असा माणूस. छप्पन साली नागपूरची राजधानी गेली तेव्हा कुठल्या कुठल्या कचेऱ्यांतलं जुनं सामान विकायला निघालं. लोक राजधानी गेली म्हणून हळहळत होते आणि सदाशिवराव तिच्या टाइपरायटरांवर बोली लावत होते. आठ मशिनी आणल्या. सगळ्या लढाईच्या आधीच्या, काळ्या, प्रत्येकीला काहीतरी जुनं दुखणं. त्यांना त्यांनी पांढऱ्या रंगाने एक ते आठ नंबर घातले. एक नंबर सगळ्यात बरी. सात नंबर सगळ्यात वाईट.

मी नागपूरहून बी.ए. होऊन आले होते आणि सकाळच्या मुलींच्या तुकडीला शिकवत होते. मुली तीन. त्यांतल्या दोघी स्थळ येईपर्यंत टाइप करत होत्या आणि तिसरी स्थळ येऊ नये म्हणून.

तू सकाळी झाडून, पुसून झालं की प्रत्येक मशीनवर एक ओळ मारून बघायचास. मी एकदा लवकर आले तेव्हा तू ओळ नव्हे, पान मारत होतास. सरकारी परिपत्रकाचं अख्खं पान, इंग्रजी. मी घड्याळ लावून बसले. मिनिटाला पस्तीस शब्द आणि एक चूक नाही. तुला त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, हीच तर तुझी ताकद होती. आमच्या पदवीधर मुलांना इंग्रजी कळायचं, म्हणून ते मजकूर वाचायचे, वाचता वाचता मनाने सुधारायचे आणि नापास व्हायचे. तू पाहिलं ते मारलंस. मालावर जी खूण असेल ती, उतरायच्या ठिकाणीही तीच. हे तुझंच वाक्य, आणि अर्थात आजाचं.

तुला टायपिंग कशाला हवं, असं मी विचारलं तेव्हा तू दारव्ह्याच्या तहसिलीची गोष्ट सांगितलीस. बापाला जमिनीच्या कागदाची नक्कल हवी होती. तीन दिवस तो तांड्यावरून चालत जात राहिला आणि तीन दिवस टायपिस्ट सांगत राहिला, मशीन बिघडली आहे, उद्या या. चौथ्या दिवशी तू खिडकीतून डोकावलास. मशीन बिघडलेली नव्हती, नुसती रिबीन अडकली होती.

“बाई, मानूस बिघडला होता,” तू म्हणालास. “मले त्या खुर्चीवर बसाचं हाये. तांड्याच्या मानसाले त्याच दिवशी नक्कल. बाकी काही नाई.”

ती खुर्ची खरोखर रिकामी होणार होती. टायपिस्ट बदलून जाणार होता आणि मागासलेल्या जातींच्या उमेदवारासाठी जागा राखली होती. अटी दोनच. सरकारी टायपिंग परीक्षा पास पाहिजे आणि वय तिसाच्या आत पाहिजे. तुझा परीक्षेचा अर्ज मी माझ्या हाताने भरला, म्हणून मला पाठ आहे. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जुलै एकोणतीस. तांड्यातली अकरा मुलं एका दिवशी शाळेत घातली होती आणि मास्तरांनी अकराही जणांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. तुझी आई भुरीबाई शपथेवर सांगायची की तू त्यानंतर दोन वर्षांनी झालास, ज्या साली अडाण नदीचा पूर तांड्याच्या नायकाचा, म्हणजे मुखियाचा, गाडा घेऊन गेला त्या साली. पण पुराला दाखला नसतो. कागदाप्रमाणे येत्या एक जुलैला तुला तीस पुरी होणार होती. जूनच्या परीक्षेचा निकाल त्यानंतर. म्हणजे डिसेंबर अठ्ठावन्नची परीक्षा हीच तुझी शेवटची. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

परीक्षा अमरावतीला. आणि त्या काळी परीक्षेला मशीन आपापली न्यावी लागायची. विद्यार्थी आठ, मशिनी आठ. क्लासचे सात आणि आठवा तू. सदाशिवरावांनी तुला बसू दिलं, कारण नाही म्हटलं असतं तर मशिनी कोण बांधणार होतं? तुला अर्थातच सात नंबर मिळाली.

यवतमाळहून छोटी गाडी मूर्तिजापूरला, तिथे सगळं सामान उतरवून मोठ्या गाडीत, बडनेऱ्याला पुन्हा उतरवून अमरावतीच्या गाडीत. म्हणजे प्रत्येक पेटी हमालाच्या डोक्यावर तीनदा चढणार आणि तीनदा उतरणार. सदाशिवरावांजवळ कंपनीचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, मशीनला तेल द्यावं आणि मऊ पदार्थात बसवावं. यवतमाळात मऊ पदार्थ म्हणजे काय, हे सांगायला नको. जिनिंगवाले त्यांचे मित्र. सरकी काढलेल्या कापसाची, ताज्या रुईची दोन पोती आली. सदाशिवरावांनी सातही मशिनींना देवाच्या मूर्तीसारखं तेल पाजलं आणि रुईच्या गाद्यांवर निजवलं. पेट्यांवर लाल रंगाने इंग्रजीत लिहून घेतलं, ही बाजू वर.

तू दाराशी उभा राहून बघत होतास. गप्प बसणं तुला कधी जमलं नाही, म्हणजे दुसऱ्याच्या मालाच्या बाबतीत.

“साहेब, रुई दबते. आज मशीन रुईवर हाये. मूर्तिजापूरले रुईत बसन. बडनेऱ्याले रुई एकीकडं न मशीन एकीकडं.”

सदाशिवराव म्हणाले, “खेमसिंग, हे पुस्तक इंग्रजीत आहे.”

“हो साहेब. पन हमालाले इंग्रजी येत नाई.”

यावर ते चिडले. तुझी सात नंबर तुला हवी तशी बांध, हवी तर बैलावर घालून ने, असं म्हणाले. त्यांना वाटलं आपण टोमणा मारला. तुला वाटलं परवानगी मिळाली.

मग तू जे केलंस ते बघायला अर्धं यवतमाळ येऊन गेलं. आधी मशीनचं सगळं तेल पुसून काढलंस, कोरडी ठणठणीत केलीस. कॅरेज मधोमध आणून दोन्ही बाजूंच्या खुंट्या घट्ट सरकवल्यास आणि रुक्माबाईच्या, म्हणजे तुझ्या बायकोच्या, जुन्या घागऱ्याच्या नाड्याने ती करकचून बांधलीस. टाइपाच्या दांड्यांमध्ये कागदाची जाड घडी. मशीनचे चार पाय फळीला स्क्रूने आवळले. भोवती गोणपाट, त्याला दाभणाने टाके, वर कडब्याच्या वळलेल्या वेण्या. मी म्हटलं, इतकं आवळतोस, तिला श्वास घेऊ दे. तू म्हणालास, हालली की मेली. बैलाच्या पाठीवर गोणी हालते तेव्हा आधी बैलाची कातडी जाते आणि मग बैल. मला वाटलं, आले, बैल आले.

इथपर्यंत कुणी हसलं नव्हतं. मग तू रुक्माबाईचा पाटा आणलास.

लादताना बैलाच्या दोन्ही अंगांना सारखं वजन लागतं, एका बाजूची गोणी जड झाली की जनावर लंगडतं. सात नंबरला जोडी नव्हती. म्हणून अडत्याच्या काट्यावर मशीन एका पारड्यात आणि मसाला वाटायचा दगडी पाटा दुसऱ्या पारड्यात घालून तू वजन जुळवलंस. पाटा थोडा हलका भरला तर त्याच्याबरोबर वरवंटाही बांधलास. एका लांब चौकटीत एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला पाटा, मधे दांडी. आणि वरती बांबूच्या कामट्यांचं उतरतं छप्पर, म्हणजे पेटी कुणाला उलटी ठेवता येऊ नये आणि तिच्यावर दुसरं ओझं टिकू नये. रुक्माबाई दारात उभी राहून मला म्हणाली, “बाई, आता चटनी काय याच्या डोक्यावर वाटू?”

स्टेशनावर सदाशिवरावांनी विचारलं, पाटा परीक्षेला बसणार आहे का. चंद्रशेखर म्हणाला, पेपर कठीण गेला तर वरवंटा डोक्यात घालायला बरा. हा चंद्रशेखर म्हणजे कलेक्टर कचेरीतल्या अधीक्षकांचा मुलगा, बी.ए.ला दोनदा बसलेला, टायपिंगला तिसऱ्यांदा, एक नंबरच्या मशीनचा मानकरी आणि पुढे माझा नवरा. हे आताच सांगून टाकते, उगाच शेवटी धक्के द्यायची मला हौस नाही. या क्षणी तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो आहे, आणि मोठ्याने वाचतो आहे.

तर, आम्ही सगळे हसलो. मीही. एवढा खटाटोप कशाला, असं मी तुला खरंच विचारलं. तेव्हा तू जे बोललास, ते मी या कुरियरवाल्यांना ऐकवलं आणि तेही हसले.

“बाई, एकट्याले उचलता येते ते फेकतेत. दोघाले उचला लागते ते ठेवतेत.”

छोटी गाडी बोरी अरबला थांबली तेव्हा भुरीबाई भाकरी घेऊन आली होती. तिने तुला विचारलं, यातली तुझी कोणती. तू छपराची पेटी दाखवलीस. तिने गाडीच्या डब्यात हात घालून त्या छपरावर थोपटलं, जनावराच्या पाठीवर थोपटतात तसं. सदाशिवराव खिडकीकडे तोंड फिरवून हसले.

मूर्तिजापूरला मी मुद्दाम धक्क्यावर उभी राहून बघितलं. दोष कुणाचाच नाही, हमालांना शंभर पेट्या हलवायच्या होत्या. एकेक जण आला, ‘ही बाजू वर’ अशी पेटी जी बाजू हाताला येईल ती धरून डोक्यावर घेतली आणि पलीकडे टाकली. सात वेळा धप्प. मग एक जण तुझ्या चौकटीजवळ आला. एकट्याने उचलून बघितली, एक टोक वर आलं, दुसरं खालीच. शिवी दिली. सोबत्याला हाक मारली. दोघांनी दोन टोकं धरली, आणि ठेवताना दोघांनाही आपापली बोटं वाचवायची होती, म्हणून ती पेटी इतक्या हळू टेकली की आवाजच आला नाही. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. तो माज मला फार खटकला, आणि तो तुला शोभत होता.

अमरावतीला शाळेच्या व्हरांड्यात पेट्या उघडल्या. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रुई दबून पोळीएवढी झाली होती आणि मशिनी पेटीभर फिरून आल्या होत्या. त्यात ते तेल. तेल आणि रुई म्हणजे काय होतं ते कुठलीही बाई सांगेल, वात होते. टाइपाच्या प्रत्येक दांड्याच्या बुडाशी तेलाने भिजलेली रुई चिकटून बसली होती. त्या सात मशिनी परीक्षेला नव्हे, दिवाळीला लावण्याजोग्या झाल्या होत्या. एक नंबरची तर कॅरेजची पट्टीच वाकली होती, आणि कॅरेज एका बाजूने पुढे आलेल्या दातासारखी वर आली होती. सदाशिवराव पुस्तक चाळत राहिले. त्यात वातीबद्दल काही नव्हतं.

सात नंबर तेवढी जशी निघाली होती तशी पोचली. पाटाही पोचला.

तू रॉकेलची बाटली आणि दाभण घेऊन बसलास. संध्याकाळी चौकीदार कुलूप लावायला आला तोवर सहा मशिनी हलत्या केल्यास. एक नंबर हलली नाही. मशिनी सात, विद्यार्थी आठ.

सगळे सात नंबरकडे बघायला लागले. जिला वर्षभर कुणी हात लावत नव्हतं ती एकदम नवरी झाली. सदाशिवराव म्हणाले, खेमसिंगचं काय, तो आपला घरचाच आहे, जूनमध्ये बसेल. घरचा म्हणजे कोण, तर ज्याला विचारावं लागत नाही तो. चंद्रशेखर व्हरांड्याच्या खांबावरचा रंग नखाने काढत होता. त्याचे वडील अधीक्षक होते, क्लासच्या मान्यतेचे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

तू त्यांच्यापैकी कुणाकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस.

“बाई, तुमी सांगा.”

मी काय म्हणाले ते लिहिते. दुसऱ्यांबद्दल इतकं लिहिलं, आता हे गाळलं तर मी कसली शिकलेली?

“देऊन टाक, खेमसिंग,” मी म्हणाले. “जूनचं बघू.”

“जूनचं काय बघता, बाई. एक जुलैले मी सरकारी म्हातारा होतो.”

सगळे हसले. त्यांना वाटलं, शिपाई विनोद करतो आहे. त्या व्हरांड्यात त्या वाक्याचा अर्थ कळलेली एकच व्यक्ती होती, तीही हसली.

मग तू चंद्रशेखरला मशीनपाशी बोलावलंस. मला वाटलं होतं, निदान आता तरी तू तोंड बंद ठेवशील. तू त्याला सांगितलंस, ‘ई’चा दांडा जड आहे, डाव्या बोटाने जोरात मारा. घंटी वाजली तरी थांबू नका, अजून दोन अक्षरं बसतात. चंद्रशेखर मिनिटाला एकतीस शब्दांनी पास झाला. पास व्हायला तीस लागायचे.

परीक्षा चालू होती तेव्हा तू बाहेर पायरीवर, पाट्याशेजारी बसला होतास. आतून सात मशिनींचा खडखडाट. तू मधेच मला म्हणालास, पहिल्या रांगेतला तिसरा चुकला. निकाल लागला तेव्हा तो खरंच नापास झाला होता.

आणि आता ऐक. दुपारी दोन वाजता दुसरी तुकडी बसली, अकोल्याकडच्या कुठल्याशा क्लासची. तोच पेपर नसेल, पण तीच परीक्षा. सात नंबर तेव्हा व्हरांड्यात रिकामी होती, आणि चंद्रशेखर बाजारात चिवडा घ्यायला गेला होता. पर्यवेक्षकांना दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या, याला दुपारी बसू द्या म्हणून. कदाचित नाही म्हणाले असते. पण नाही म्हणायलासुद्धा आधी कुणी तरी विचारलेलं असावं लागतं. मी बी.ए., सदाशिवराव बी.ए.च्या जवळपास, सात विद्यार्थ्यांत चार पदवीधर. कुणाला सुचलं नाही. मला सुचलं ते मूर्तिजापूरच्या फलाटावर, परत येताना.

तुझाही मला राग आहे. रुईवरून तू मालकाशी भांडलास, पाट्यावरून बायकोशी भांडलास, आणि स्वतःसाठी तोंडातून काय निघालं, तर ‘ई’चा दांडा जड आहे.

परत येताना सदाशिवरावांनी सगळ्या मशिनी तुझ्या पद्धतीने बांधून घेतल्या. आठ मशिनी, चार जोड्या. आता पाट्याला जोडीत जागा उरली नाही, म्हणून तो तू खांद्यावर घेऊन आलास. पुढे वर्ष-दीड वर्ष जिल्ह्यातले क्लासवाले परीक्षेला निघाले की आधी आमच्याकडे यायचे आणि दांडीची चौकट शिकून जायचे. तिला ‘सदाशिवराव पद्धत’ म्हणायचे. सदाशिवराव ते ऐकून नम्रपणे मान खाली घालायचे. त्या नम्रतेवर मी एकदा तेल ओतणार होते.

जानेवारीत मी तुला म्हटलं, जन्मतारीख दुरुस्त करून घेऊ. दोन वर्षं मिळतील. मजकूर मी सांगितला, तू सात नंबरवर मारलास. इंग्रजीत, दोन पानं, एक चूक नाही. भुरीबाईचं म्हणणं, अडाणचा पूर, नायकाचा अंगठा, दोन म्हाताऱ्यांची साक्ष. खाली तू सही केलीस, मोठी, जवळजवळ साहेबासारखी. अर्ज कलेक्टर कचेरीत द्यायचा होता. तू दिला असतास तर तो पहिल्याच टेबलावर निजला असता. मी दिला तर पुढे सरकेल, असं मीच तुला म्हणाले. अर्ज मी माझ्या पर्समध्ये ठेवला.

फेब्रुवारीत चंद्रशेखरकडची माणसं मला बघायला आली. अर्ज ज्या टेबलावर द्यायचा त्या टेबलावरचे गृहस्थ आमच्या घरी पोहे खात बसले होते. आई म्हणाली, आत्ता नको, बघण्याच्या वेळी कागद काढतात का कुणी. ठरल्यावर म्हणाली, आत्ता नको, होणारी सून सासऱ्याकडे पहिली मागणी काय करणार, तर शिपायाचं वय? मला पटलं. मला त्या वर्षी सगळं पटत होतं. लग्न झालं. एक जुलै आली आणि गेली. दारव्ह्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला. पण दोन वर्षांत तो जाईल, असं तू स्वतःच मला सांगितलंस. म्हणजे अर्जाला तेव्हाही अर्थ होता.

साठ साली महाराष्ट्र झाला आणि चंद्रशेखरला मुंबईत सचिवालयात जागा मिळाली. टायपिस्टची. एकतीस शब्दांवर. सात नंबर त्याने सदाशिवरावांकडून मागून घेतली, शुभ आहे म्हणून. आमचं सामान बांधायला तूच आलास. बरण्या, कपबशा, आरसा आणि सात नंबर. जोडीला या वेळी माझा पाटा. मुंबईत पोचून उघडलं तर एका कपाचाही कान उडालेला नव्हता.

दाभणाने टाके घालता घालता, वर न बघता, तू विचारलंस. “बाई, तो अर्ज देल्ला का?”

मी म्हणाले, “देते.”

“नाई, सामान बांधून राह्यलो म्हनून इचारलं. त्याच्यात चुकून गेला असन तं काढून ठेवतो.”

“माझ्या पर्समध्ये आहे. स्टेशनवर जाताना देते.”

तू मान हलवलीस आणि गाठ मारलीस.

टांग्यात पुढे चंद्रशेखर, मागे मी आणि सासरे. त्यांनी आम्हाला पोचवायला म्हणून रजा घेतली होती, म्हणजे त्यांच्या टेबलावर त्या दिवशी दुसराच कारकून बसला होता, लाजायचंही कारण नव्हतं. साडेदहा वाजून गेले होते. कचेरीचं दार उघडं होतं. टांगेवाल्याला थांब म्हणायचं, उतरायचं, चार पायऱ्या चढायच्या. टांगा थांबला तो स्टेशनावरच, अर्ज पर्समध्ये.